बालवाडीतला तराजू आणि तुटलेली सुतळी

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. वाण्याच्या दुकानातला नव्हे, सावनेरच्या एका बालवाडीतला. रामटेकच्या नानाजी नावाच्या कारागिरांनी बांबूची काठी तासली, दोन्ही टोकांना सुतळीने इवल्या टोपल्या बांधल्या आणि मी जन्मलो. बालवाडीच्या शिक्षिका पुष्पलताबाईंनी मला वर्गाच्या खिडकीत टांगलं, त्याला आता नऊ वर्षं झाली.

माझ्या एका टोपलीत कापसाचा मोठा बोळा असायचा, दुसरीत खाणीकडचा कोळशाचा लहानसा खडा. "जड काय आहे?" बाई विचारायच्या. मुलं हमखास कापसाकडे बोट दाखवायची. मग कोळशाची टोपली झपकन खाली जायची आणि चार वर्षांची ती तोंडं आ वासून बघत राहायची.

पण माझी डावी सुतळी झिजली होती. ती वारंवार तुटायची. मुलं यायच्या आधीच बाई घाईघाईने गाठ मारायच्या.

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या धरमपेठेत बालशिक्षिकांचं संमेलन भरलं. पाच-सहा देशांतल्या शिक्षिका येणार होत्या. प्रत्येकीने आपल्या वर्गातली एक वस्तू दाखवायची होती. पर्यवेक्षिका कामिनी मॅडम प्लास्टिकचा कोरा तराजू घेऊन वर्गात आल्या.

"पुष्पलता, हा ने वं. बाहेरचे लोक येऊन राहिले, त्या जुन्याने लाज जाईल."

"मॅडम, पोरं याच्यावरच शिकून राहिली. मले हाच नेऊ द्या."

"ने. पण तिथे फजिती झाली, तर हा वर्गात परत दिसणार नाही."

बसमध्ये मी बाईंच्या पिशवीत होतो. प्रत्येक गचक्याला सुतळीचा एकेक धागा सुटत होता. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

सभागृहात सगळ्यांची खेळणी चकचकीत होती. बाईंनी मला टांगलं, उजवीकडे कापूस ठेवला, डावीकडे कोळसा. तेवढ्यात सुतळी तुटली! टोपली आपटली आणि कोळसा पांढऱ्या फरशीवर काळी रेघ ओढत गेला. बाईंचा चेहरा उतरला. त्या खाली वाकून गाठ मारू लागल्या.

घाना देशातून आलेल्या अकोसुआ नावाच्या शिक्षिकेने त्यांचा हात हळूच धरला आणि काही विचारलं. सोबत आलेल्या कामिनी मॅडमनी मराठीत सांगितलं, "वर्गात हे तुटलं की कोण बांधतं, असं विचारतात त्या."

"मीच. पोरांना दिसू नये म्हणून लवकर येते."

अकोसुआबाई पुढे बोलल्या आणि मॅडमनी तेही मराठीत सांगितलं, "माझ्या वर्गात मी मोडलेली वस्तू मुलांसमोरच ठेवते. त्यांना खूप सुचतं. पण मोठं ते जड नसतं, हे असं दाखवायचं मला कधीच सुचलं नव्हतं." त्यांनी वहीत माझं चित्र काढलं. बाईंनी हातातली सुतळी तशीच सोडून दिली.

सोमवारी मी तसाच, एका टोपलीचा, खिडकीत लोंबत होतो. कामिनी मॅडम तो प्लास्टिकचा तराजू घेऊन दारात उभ्या होत्या.

"बाई, हे मोडलं!" पियूष ओरडला.

"हो रे. आता काय करायचं?" बाईंनी विचारलं. सवयीने त्यांचे हात पुढे येत होते, म्हणून त्यांनी ते पदरात गुंडाळले. कुणीच हलेना. आता आपली रवानगी अडगळीत, असं मला वाटलं.

मग रितिका उठली. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे. तिने वेणीची लाल रिबीन सोडली आणि माझी टोपली बांधली.

"वाकडं होऊन राहिलं," ती म्हणाली. "दुसरीकडेही रिबीन लागते."

भूमिकाने आपली रिबीन काढून दिली. अर्धा तास खटपट चालली. शेवटी माझी काठी सरळ झाली. कामिनी मॅडमनी प्लास्टिकचा तराजू काखेत मारला आणि त्या निघून गेल्या.

मित्रांनो, त्या रिबिनींच्या गाठी कच्च्या आहेत. रोज सकाळी टोपलीत काही पडलं की माझा जीव खालीवर होतो. मला जपा, एवढंच मागणं आहे. पण तुटलो, तर मोठ्यांना म्हणावं, हात आवरा. आधी मुलांना बघू द्या.