द आधी, ध नंतर

मी एक जुना घोडा आहे. दचकू नका मित्रांनो, मी चारा खात नाही की टापा वाजवत नाही. उघडली की दोन्हीकडे पाय फाकून उभी राहते आणि मिटली की भिंतीला टेकते, अशा लाकडी शिडीला रंगारी लोक घोडा म्हणतात. मला सात पायऱ्या आहेत आणि माझा डावा पाय बोटभर आखूड आहे. ज्याच्यासाठी मला बनवले, तो आता या जगात नाही. त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय मला स्वतःविषयी सांगण्यासारखे काही उरतही नाही.

तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तो इतका काटेकोर होता, की सगळे त्याला वेलांटी म्हणत. सुताराने जुन्या दाराच्या लाकडातून मला घाईघाईत ठोकले आणि पाय आखूड राहिला. उद्या आणून दे, नीट करतो, असे सुतार म्हणाला. वेलांटी म्हणाला, राहू दे, मलाही लोकांसारखे सरळ उभे राहता येत नाही. तेव्हापासून त्याच्या खिशात पुठ्ठ्याची एक घडी असे. चढण्याआधी तो ती माझ्या डाव्या पायाखाली सरकवायचा, मला एकदा हलवून बघायचा आणि मगच पहिल्या पायरीवर पाऊल ठेवायचा. हे तो एकदाही विसरला नाही.

तो आपल्या मर्जीचा मालक होता. भिंतीवर सकाळचे ऊन असेपर्यंत काम, आणि दुपारी माझ्याच सावलीत पेपर तोंडावर घेऊन आडवा. लग्न कधी करणार, असे कुणी विचारले की म्हणे, आधी लग्नपत्रिका तरी नीट लिहायला शिका. मला तो फार आवडत असे. तसे मी त्याला कधी सांगू शकलो नाही.

एकदा एका दूधवाल्याने पाटी सांगितली. 'शुद्ध दूध' असे दोनच शब्द होते, पण तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. दूधवाल्याच्या कागदावर 'शुध्द' होते, म्हणजे ध अर्धा आणि द पूर्ण. सगळीकडे असेच लिहितात, मग माझ्याच पाटीवर वेगळे कशाला, असे त्याचे म्हणणे. वेलांटी चौथ्या पायरीवरून शांतपणे म्हणाला, "द आधी, ध नंतर. म्हणून बघा, जीभच सांगेल. तुमच्या दुधात पाणी असेल नसेल, शुद्ध तेवढं शुद्ध लिहू द्या."

दूधवाला भडकला. वेलांटी खाली उतरला, रंग डब्यात परत ओतला, मला मिटून खांद्यावर घेतले आणि घरी आला. त्या आठवड्यात दुसरे काम मिळाले नाही. तरी तो शीळ घालत होता.

पुढे त्याच्या धाकट्या भावाने पाट्या छापायचे यंत्र आणले. हाताने जे काम चार दिवसांत होई, ते यंत्रातून चहा थंड व्हायच्या आत बाहेर पडू लागले. धाकट्याने त्याला दुकानात खुर्ची देऊ केली. वेलांटी नको म्हणाला. शब्दाने शब्द वाढला आणि दोघांचा अबोला झाला, तो नऊ वर्षे टिकला.

पण शुद्धलेखनाशी अबोला नव्हता. कुठलीही मोठी पाटी छापायची असली, की धाकटा वेलांटीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राही आणि न बोलता कागद पुढे करी. वेलांटी तांबड्या पेन्सिलीने चूक दुरुस्त करून न बोलता कागद परत देई. भिंतीला टेकून मी हे सगळे बघत असे. त्या दोघांचे एकमेकांवर किती प्रेम आहे, हे फक्त मलाच ठाऊक होते.

रंगाच्या वासाने वेलांटीची छाती निकामी झाली. डॉक्टरांनी ब्रश खाली ठेवायला सांगितले. तो म्हणाला, हातातली पाटी झाली की ठेवतो. त्याच्या हातात एक ना एक पाटी असायचीच. मग त्याला सातवी पायरी चढवेना, मग पाचवी. शेवटी तो नुसता दुसऱ्या पायरीवर बसून धाप टाकत असे. एका सकाळी तो उठलाच नाही.

दोन दिवसांनी धाकटा आला. दार उघडेच होते. सवयीने त्याने खिशातून कागद काढला आणि रिकाम्या खाटेपुढे धरला. किती तरी वेळ तो हात तसाच होता. कागदावर वेलांटीचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रध्दांजली'.

द आधी, ध नंतर! मला ओरडायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला तोंड हवे होते. तांबडी पेन्सिल तिथेच खिडकीत पडली होती.

"दादा, एकदा बघ ना," धाकटा म्हणाला. मग त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

पाटी चढवायला त्याने मलाच नेले. तो माझ्यावर पहिल्यांदा चढत होता. पायाखाली पुठ्ठा घालायचा असतो हे त्याला कुठून ठाऊक असणार? मी लटपटत होतो, तो रडत होता, आणि पाटी चौकातल्या खांबावर लागली. लोक आले, हात जोडून उभे राहिले. दूधवालाही आला. तो धाकट्याला म्हणाला, "पाटी छान झालीय हो. त्याला आवडली असती."

धाकटा मला तिथेच विसरला. त्याच खांबाला टेकून मी उन्हापावसात उभा आहे. माझ्या दोन पायऱ्या निखळल्या. वर वेलांटीचा चेहरा उन्हाने पुसट होत चालला आहे, अक्षरे मात्र अजून ठळक आहेत. रोज शेकडो माणसे ती वाचतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवा रंगही नको. मी आता मोडण्याच्याच वाटेवर आहे. फक्त तो चेहरा पुरता पुसला जाण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी तांबडी पेन्सिल घेऊन या. चौथ्या पायरीवरून हात पोहोचतो, आणि ती अजून शाबूत आहे. आलात, तर चढण्याआधी माझ्या डाव्या पायाखाली पुठ्ठा सरकवा.