मागची डावी सीट

गाडी घ्यायची असं घरात ठरलं, तेव्हा मी एकच विचारलं, "माणसं किती बसतात?"

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. काहीही विचारलं की उत्तर देण्याआधी तो वर बघतो. सवयच लागलीय. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "चार."

मी मनात मोजलं. मुलगा, सूनबाई आणि आमची नात ठिपकी. झाले तीन. मग चौथं कोण?

घरात म्हातारा मी एकच. पण दोन गल्ल्या पलीकडे आणखी एक म्हातारा आहे. सूनबाईचे वडील, म्हणजे माझे व्याही. त्यांचं औषधांचं दुकान होतं. ते बंद करून आता निवांत बसलेत. बसलेत म्हणजे आमच्याच घरी. रोज सकाळी आठ वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. ते त्यांच्या घरी एकटे, मी माझ्या खोलीत एकटा, आणि दोघांत मिळून नात एक. ती त्यांना नाना म्हणते आणि मला आबा.

नानांचा मला काही त्रास नाही. तोच तर त्रास आहे. भांडायला जावं तर माणूस गोड बोलतो. ठिपकीला गोष्टी वाचून दाखवतो, एका दमात, प्राण्यांचे आवाज काढून. वाचता मलाही येतं. पण अक्षरं माझ्याकडे चाळिशीनंतर आली, अजूनही एकेक करून येतात. माझा सिंह डरकाळी फोडेपर्यंत ठिपकी घोरायला लागते.

माझा धंदा गाड्यांच्या सीटा शिवायचा. घराच्या बाजूलाच शेड आहे आणि दारात माझी जुनी व्हॅन. व्हॅनमध्ये रेक्झिनच्या गुंडाळ्या, फोमचे तुकडे आणि सोल्युशनचे डबे. फोमवर कापड बसवायला जो पिवळा चिकट लगदा लावतात, ते सोल्युशन. त्याचा वास मला येत नाही, नाकाला सवय झाली. बाकी सगळ्यांना येतो. ठिपकीला तर कुठलीही बंद गाडी लागते, आणि माझी सगळ्यात आधी. पहिल्या वळणाला पांढरी पडते, दुसऱ्या वळणाला ओकते. मागच्या वर्षी तिनं तोंडावर सांगून टाकलं, "आबा, तुमच्या गाडीत मी नाही बसणार. घाण वास येतो."

पाच वर्षांची पोर, तिला काय बोलणार? मी व्हॅन धुतली. तीनदा धुतली.

टप उघडणाऱ्या गाडीची कल्पना नानांचीच. त्यांच्या कुणा मित्राकडे तसली छोटी गाडी होती. एक दिवस ते ठिपकीला तीत बसवून वळणावळणाच्या रस्त्यानं तासभर फिरवून आले. पोरगी परत आली ती केस पिंजारलेली, गाल लाल झालेले, आणि म्हणते भूक लागली.

"एकदाही नाही!" नाना फाटकातूनच ओरडले. जसं काही त्यांनी स्वतःच्या हातानं तिचं पोट दुरुस्त करून आणलं होतं.

झालं. आता घराला तसलीच गाडी हवी.

"घरची गाडी म्हटली की तीत घर मावलं पाहिजे," जेवताना मी म्हणालो. "ही तर काड्यापेटी. त्यापेक्षा सात सीटची घ्या."

"आबा, सात सीटच्या गाडीत सहा जण बसणार आणि सातवी ओकणार," सूनबाई म्हणाली. ती दवाखान्यात एक्सरे काढते. माणसाकडे बघते तेव्हा आतलं सगळं दिसत असावं असं वाटतं.

"पाऊस आला तर?"

"टप लावायचा."

"सामान?"

"मांडीवर."

आणि मी? हे मात्र मी विचारलं नाही. घास गिळला.

नाना समोरच होते. म्हणाले, "अहो व्याहीबुवा, चार सीटा आहेत की! पुढे हे दोघं. मागे उजवीकडे ठिपकीची उंच खुर्ची. आणि डावीकडे कुणीतरी म्हातारं माणूस, तिला सांभाळायला."

'कुणीतरी' म्हणताना त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे आम्ही सगळे गेलो. गाडी हिरवी, बुटकी, बेडकासारखी. कापडी टप मागच्या बाजूनं फाटलेला. मी अजून टायर बघत होतो, तेवढ्यात नाना मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा. गुडघे हनुवटीला लागत होते, पण चेहरा असा की गादीवर बसलेत. ठिपकी उजवीकडून चढली आणि तिनं त्यांच्या दंडावर डोकं टेकलं.

"टप फाटलाय," मुलगा म्हणाला.

"मग काय? आबा आहेत ना," सूनबाई म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

विकणारा म्हणाला, "वापरून बघा. नाही पटली तर आठ दिवसांत परत आणा." ते 'आठ दिवसांत परत' माझ्या डोक्यात बसलं.

गाडी शेडमध्ये आली. टपाचं काम मला नवीन नाही. जुनं कापड काढायचं, त्यावरून नवं कापायचं, शिवायचं, कमानींवर चढवायचं. सोल्युशन फक्त पुढच्या आणि मागच्या कडेला, दोन बोटं रुंद पट्टी. ती उघड्यावर वाळू द्यायची. मग टप लावून दोन दिवस तसाच ठेवायचा, म्हणजे कापड ताणलं जाऊन जागेवर बसतं. एवढंच काम.

मी दोन बोटांची पट्टी लावली. मग म्हटलं, कमानींवरही थोडं लावावं, मजबुती येईल. मग आतल्या अस्तराला. मग पायाखालच्या गालिच्याला, तो तसाही सुटला होता. पहिला डबा संपला तेव्हा काम झालं होतं. मी दुसरा उघडला. तो मागच्या सीटच्या खाली गेला, सगळाच्या सगळा.

वाळायला थांबलो नाही. ओलं असतानाच टप लावला, काचा चढवल्या, दारं लोटली. आत काय शिजत असेल ते मला चांगलं ठाऊक होतं. पोरीला ही गाडी लागेल, गाडी परत जाईल, मग मोठी सात सीटची येईल, आणि सातांत एक मला कुठेतरी मिळेलच. हिशेब सरळ होता.

"रविवारी संध्याकाळपर्यंत टप उघडायचा नाही," मी सगळ्यांना बजावलं. "कापड बसायला हवं."

निम्मं खरं होतं, त्यामुळे आवाजही खराच आला.

रविवारी सकाळी ते निघाले. मुलगा आणि सूनबाई पुढे. मागे ठिपकी, आणि तिच्या डावीकडे नाना, पांढऱ्याशुभ्र शर्टात. जाताना म्हणाले, "व्याहीबुवा, टप काय शिवलाय! ढोल वाजेल यावर."

मी फाटकात उभा राहिलो. दहा मिनिटांत गाडी परत आली.

आधी नाना उतरले. शर्ट कॉलरपासून पोटापर्यंत भरलेला. खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. इतका की तोंड फिरवावं लागलं. मग सूनबाईनं ठिपकीला बाहेर काढलं. पोरीचा रंग अस्तराच्या कापडासारखा झाला होता. ओठसुद्धा दिसत नव्हते.

"हिलापण आबांच्या गाडीसारखाच वास येतो," ती रडत म्हणाली. "मला कुठल्याच गाडीत बसता येत नाही."

सूनबाई पायरीवर बसली, तिला मांडीवर घेऊन. म्हणाली, "परत करून टाकू. आणि आता दुसरी बघायलाही नको. गाडीच नको. आहोत तसे बरे आहोत."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. सात नाही, चार नाही, काहीच नाही. आणि रडणारी पोर.

नाना गाडीपाशी गेले. दार उघडून आत वाकले आणि नाकानं दोनदा हुंगलं. चाळीस वर्षं औषधं विकलेला माणूस, बाटलीचं बूच काढलं की आत काय आहे ते सांगणारा. त्यांनी मागच्या सीटखाली बोट घातलं. बोट बाहेर आलं ते पिवळं आणि चिकट. त्यांनी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी पाय रोवून उभा राहिलो. आता होऊ दे काय व्हायचं ते.

नानांनी बोट शर्टालाच पुसलं. नाहीतरी तो गेलेलाच होता. आणि म्हणाले, "त्या विकणाऱ्यानं आतून कसलंतरी हलकं पॉलिश मारलंय गं. त्याचाच वास. व्याहीबुवांच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही."

"नाना, तुमचा शर्ट गेला आणि तुम्ही वर कामाचं कौतुक करताय," सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती समजून घेता हो तुम्ही."

माझ्या अंगाची आग झाली. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पण हा माणूस मला वाचवतोय! अंगावर ओकारी घेऊन उभा आहे आणि मला वाचवतोय! म्हणजे उद्यापासून रोज सकाळी आठ वाजता हा गुळगुळीत चेहरा दारात येणार, आणि मी मरेपर्यंत त्याच्यापुढे मान खाली घालून चहा पिणार.

"पॉलिश नाही," मी म्हणालो. "सोल्युशन आहे. दोन डबे. मी लावलं, मुद्दाम."

मुलानं वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं.

"का?" सूनबाईनं विचारलं.

"मागची डावी सीट," मी म्हणालो.

"तिचं काय?"

"ती यांची झाली."

ठिपकीचे हुंदके थांबले. तिला वाटलं असेल, आता आबांना रागावतात ते ऐकू.

"आबा," सूनबाई हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पोरीला त्रास होईल हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"आणि तरी?"

मी मान हलवली.

नाना मध्ये पडले. "जाऊ दे गं, म्हाताऱ्या माणसाचं..."

"नाना, तुम्ही गप्प बसा. तुम्ही तर धडधडीत खोटं बोललात. आणि ती सीट तुमची असं तुम्हाला तरी कुणी सांगितलं? मला विचारलंत? आबांनी विचारलं? दोघंही परस्पर वाटण्या करून मोकळे!"

नानांचा चेहरा उतरला. मी मान खाली घातलेली होती, तरी तो मी बघून घेतला.

मग तिनं मला विचारलं, "सोल्युशन न लावता टप होतो?"

"हातानं शिवला तर होतो. पण कापड ताणून धरायला दुसरा माणूस लागतो."

ती नानांकडे बघत राहिली. नाना कॉलरकडे हात नेणार होते, पण कॉलर ओली होती.

चार दिवस आम्ही दोघं शेडमध्ये होतो. अस्तर उसवलं, गालिचा फेकून दिला, सीट काढून उन्हात टाकली, कमानी घासून घासून कोऱ्या केल्या. मग मी सुई चालवायची आणि नानांनी धरायचं.

"ताणा."

"ताणतोय की."

"ही काय औषधाची पुडी बांधताय? ताणा जोर लावून!"

"व्याहीबुवा, एक विचारू? पहिला डबा समजला मला. दुसरा कशाला?"

"तुम्ही कॉलर नीट केलीत म्हणून."

ते इतके हसले की कापड हातातून सुटलं आणि वीतभर शिवण पुन्हा घालावी लागली. मी हसलो नाही. हसण्यासारखं नव्हतंच. त्या ताणण्यानं नानांच्या तळहाताला फोड आले. संध्याकाळी त्यांनी ते ठिपकीला दाखवले आणि ती कितीतरी वेळ त्यांवर फुंकर घालत बसली. माझ्या हाताला सुईचे घट्टे आहेत, तिच्या जन्माच्या आधीपासूनचे. घट्ट्यावर कोण फुंकर घालतं?

रविवारच्या आदल्या दिवशी सूनबाईनं निकाल दिला. एक रविवार एकाचा, एक दुसऱ्याचा.

"पहिला?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"आबांचा. ओकली तर त्यांच्यावर ओकू दे."

सकाळी मी जुना शर्ट घातला आणि मांडीवर टॉवेल घेऊन मागच्या डाव्या सीटवर बसलो. गुडघे हनुवटीला लागले. टप मागे दुमडलेला. ठिपकीनं आत बसून नाक वर केलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मी श्वास रोखून बसलो.

"येत नाही," ती म्हणाली.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. टॉवेल कोरडाच राहिला. वाऱ्यानं तिचे केस माझ्या तोंडात जात होते आणि मी ते काढत नव्हतो. मला हवं ते सगळं त्या गाडीत होतं.

फक्त एक गोष्ट झाली. निघताना नाना फाटकात उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, हातांच्या फोडांना पट्ट्या लावून. गाडी हलली तशी ठिपकी खुर्चीच्या पट्ट्यातल्या पट्ट्यात मागे वळली आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागली. "नाना! टाटा! नाना!" गल्लीचं टोक येईपर्यंत तिचे हात खाली आले नाहीत. मी तिच्या शेजारी, वीतभर अंतरावर. माझ्याकडे तिनं वळूनही बघितलं नाही.

पुढच्या रविवारी फाटकात मी असेन. बघतो, माझ्यासाठी किती हात वर होतात.