तेलाचं बोट

उन्हाळा लागला की पार्लरवालीच्या तोंडाला उसंत नसे. हातांचं काय, ते वर्षभर चालतच असत. पण उन्हाळ्यात गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच प्रश्न टाके. घामानं डोकं खाजतं, काय करू? केसांचा नुसता झाडू झालाय, काय लावू? आणि ती कात्री चालवता चालवता उत्तरं देई. "रोज डोक्यावरून आंघोळ कर, कुणी अडवलंय? पण रोज शाम्पू कशाला? ओल्या केसांचा अंबाडा घालू नकोस, आत वाफ धरते. गुंता सोडवायचा तो टोकाकडून, वरून ओढायचा नाही. आणि उन्हात निघताना रुमाल बांध. कुणी बघायला बसलेलं नाही तुझ्याकडे."

एवढं सगळ्यांच्या डोक्याचं बघणाऱ्या बाईच्या पायांची मात्र पार वाट लागली होती. दिवसभर उभं राहून संध्याकाळी घोटे असे सुजत की चप्पल काढली तरी तिचे पट्टे पायावर राहत. म्हणून तर नणंदेनं तिला ओढत पोहण्याच्या तलावावर नेलं होतं. सकाळची, फक्त बायकांची बॅच. पहिले कितीतरी दिवस तिनं काठाचा दांडा सोडला नाही. नणंद म्हणे, "वहिनी, एवढा आवडलाय तर घरीच घेऊन चल तो."

मग एके दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी तिच्या पाठीखाली तळहात धरला. मॅडम म्हणजे पोरच, हिच्या लेकीच्या वयाची. "काकू, मान सोडा," ती म्हणाली. हिनं मान सोडली. क्षणभरच, पण तेवढ्यात तिच्या पायांवर कुणाचंच ओझं नव्हतं, तिचं स्वतःचंसुद्धा नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "आज गाणं कसलं म्हणतेयस?" तर ती म्हणाली, "का, तुमची परवानगी काढायला हवी होती?"

आता तलावाच्या पाण्यात औषध घालतात, त्यानं केस राठ होतात, ही बॅचमधल्या सगळ्यांचीच रड होती. नणंदेनं फोन करून वहिनीला उपाय विचारला. त्या वेळी पार्लरवालीच्या हातात एकीचं डोकं होतं आणि नळ सुरू होता. ती ओरडून म्हणाली, "पाण्यात उतरायच्या आधी साध्या पाण्यानं केस भिजवा. आणि टोकांना तेलाचं बोट लावा, बस!"

नळाच्या आवाजात नणंदेला ऐकू आलं, बोटभर तेल लावा. आणि ऐकलेलं स्वतःपाशी ठेवायची सवय तिला जन्मात नव्हती. तिनं ते बॅचच्या ग्रुपवर टाकलं आणि वर पुस्ती जोडली, 'आमच्या वहिनीनं सांगितलंय.' झालं! कुणी वाटीत बोट उभं धरून तेल ओतलं, कुणी बाटलीला बोट लावून माप घेतलं. बॅचमधल्या शिवणकामवालीची बोटं तर चांगली लांबसडक होती.

दुसऱ्या दिवशी पार्लरवाली जरा उशिरानं पोचली, तर सगळ्या आधीच पाण्यात. आणि पाणी? पाण्यावर सप्तरंगी चकाकी पसरली होती. तलाव साफ करणारे काका हातात जाळी घेऊन काठावर उभे होते. "मॅडम, जाळीचं काम नाही हे," ते म्हणाले. "कढई झालीय याची. तळण काढा एखादं."

मॅडमनी अशी शिट्टी मारली की सगळ्या निमूट बाहेर आल्या आणि ओळीत उभ्या राहिल्या. डोक्यांवरून ओघळ वाहत होते.

"पाणी गाळायचं यंत्र तुंबलंय," मॅडम म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "दिवसभराच्या सगळ्या बॅचा बुडाल्या. कुणाची ही अक्कल?"

सगळ्याजणी सगळीकडे बघायला लागल्या, फक्त पार्लरवालीकडे सोडून. त्यामुळे तर ते लगेच कळलं.

"बास झालं," मॅडम म्हणाली. "बायकांची बॅच बंद."

पार्लरवालीचा आत्ता कुठे दांडा सुटायला लागला होता! नणंदेनं तिच्या दंडाला चिमटा काढला. "गप्प राहा, वहिनी. दोन दिवसांत थंड होईल ती."

पण हिला गप्प राहवेना. "मॅडम, सल्ला माझाच. पण मी तेलाचं बोट म्हटलं होतं. बोटभर तेल नव्हे."

"काय बाई तरी, एवढुशा फरकावरून!" नणंद म्हणाली.

"'भर' एवढाच फरक ना? तोच पडलाय तलावात. बघ कसा चमकतोय!"

मॅडमचे ओठ हलल्यासारखे झाले. पण हसू काही फुटलं नाही. "टोप्या घाला म्हणून पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतेय मी."

"टोपी बसते कुठे?" शिवणकामवाली म्हणाली. "अंबाड्यावर टोपी म्हणजे डोक्यावर दुसरं डोकं."

"आणि काढताना निम्मे केस तिच्यातच राहतात," मागून कुणीतरी म्हणालं.

"टोप्या मी बसवते," पार्लरवाली म्हणाली. "पाणी साफ झालं की एक दिवस द्या. एकीच्या जरी डोक्याला तेल निघालं, तर मीच सगळ्यांना घेऊन घरी जाईन."

मॅडमनी गळ्यातली शिट्टी बोटांत धरली. "शिट्टीच्या आत सगळ्यांच्या टोप्या चढल्या पाहिजेत. एक डोकं जरी उघडं दिसलं तरी बॅच बंद. मग काकू नाही आणि मावशी नाही."

पाणी साफ झालं त्या सकाळी पार्लरवालीनं कपडे बदलायच्या खोलीत स्टूल मांडलं. शॉवरखाली डोकं भिजवून एकेक जणी समोर येऊन बसायची. आधीच साधं पाणी प्यायलेला केस तलावाचं पाणी कमी पितो, हे ती प्रत्येकीला सांगत होती. तेलाऐवजी टोकांना जरासं कंडिशनर. मग मधोमध भांग, दोन सैल वेण्या, त्या मानेवर न ठेवता कपाळाच्या वर चपट्या फिरवायच्या, आणि टोपी कपाळाकडून मागे ओढायची. डोक्यावर दुसरं डोकं नाही की उंचवटा नाही.

"अगं बाई, डोकं वाटीसारखं गुळगुळीत झालं की!" शिवणकामवाली आरशात बघून म्हणाली.

"गप्प बस, मान हलवू नकोस. पुढची!"

शेवटची टोपी चढली आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. पार्लरवालीचे स्वतःचे केस पाठीवर मोकळे. तिनं घाईघाईनं वेणी घालायला घेतली. पण बोटं कंडिशनरनं बुळबुळीत झालेली, पेड हातात राहीनात. बाहेर मॅडमच्या चपला वाजल्या.

"बस खाली," नणंद म्हणाली.

"तुला वेणी येते?"

"लहानपणी बाहुलीला घालायचे."

"मग?"

"टकली झाली ती. बस म्हणते ना!"

पार्लरवाली आपल्याच स्टुलावर बसली. भांग वाकडा पडला, एक बट कानाजवळ अशी ओढली गेली की डोळ्यांत पाणी आलं. पण तिच्या डोक्यावर असा दुसऱ्याचा हात शेवटचा कधी फिरला होता, ते काही तिला आठवेना. दोघींनी दोन बाजूंनी टोपी ओढली, एक कान आत गेला, एक बाहेर राहिला, आणि शिट्टी वाजली.

मॅडमनी पांढरा नॅपकिन घेऊन एकेकीची मान आणि कपाळ पुसलं. दर वेळी नॅपकिन उलटसुलट करून बघितला. पार्लरवालीपाशी येऊन ती थांबली. टोपीला डाव्या बाजूनं टेंगूळ आलं होतं.

"हे कुणाचं काम?"

"माझं," नणंद मान ताठ करून म्हणाली.

आता मात्र मॅडमला हसू आवरेना. "तेल नाही ना त्यात? मग चला, उतरा."

पाणी गार होतं. पार्लरवालीनं दांडा एका हातानं सोडला, मग दुसऱ्यानं. पाठीखाली मॅडमचा तळहात आला, आणि केव्हा काढून घेतला ते तिला कळलंही नाही. पाय आपोआप वर आले. कान पाण्याखाली गेले आणि सगळं जग एकदम शांत झालं. काठाला धरून नणंद तिला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, डोळे मोठे करून, तोंड एकसारखं चालू होतं. आणि त्यातला एक शब्दसुद्धा ऐकू येत नव्हता. पार्लरवाली तिच्याकडे बघून हसली आणि तशीच पडून राहिली.