चाळीस पौंड बीफ आणि दोनदा नको

एका हाताने पावाची लादी आडवी कापता येत नाही. हे मला शनिवारी सकाळी सव्वासातला कळलं आणि तोवर सोळा लाद्या ओट्यावर मांडून झाल्या होत्या. माझा डावा हात बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. प्लास्टरने लादी दाबायची आणि उजव्या हाताने सुरी चालवायची, असा माझा बेत होता. पहिली लादी चेपली. दुसरी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी निघाली. तिसरीला मी सणसणीत शिवी हासडली, तेव्हा ती कशीबशी सरळ कापली गेली.

आज माझ्या मुलीची, सिग्नीची, शाळा संपल्याची पार्टी होती. आमच्या मिनेसोटात ही पार्टी म्हणजे बापाने गॅरेज धुऊन काढायचं, पोरीचे बोळक्या तोंडाचे फोटो फळ्यावर लावायचे आणि अख्ख्या गावाला जेवू घालायचं. गाव किती येणार ते विचारायची सोय नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "बघू, डोकावून जातो." आता हे डोकावणारे नव्वद की एकशे नव्वद, हे बापाने स्वप्नात बघायचं का? मी आपलं चाळीस पौंड बीफ आणलं आणि पहाटे पाचला गॅरेजमधल्या दोन मोठ्या विजेच्या रोस्टरांत शिजायला लावलं. दुपारी एकला माणसं येणार. त्याआधी मांस शिजवून कापायचं, लादीत भरायचं, वर चीज, परतलेला कांदा, पुन्हा लादीचं झाकण, त्यावर लोणी, आणि पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये. मग त्याचे छोटे छोटे चौकोन, म्हणजे स्लायडर, तोडून बुडवायला गरमागरम रस्सा. मार्लिस, माझी बायको, हे हसत खेळत करायची. ती जाऊन सहा वर्षं झाली. मी ते दात ओठ खात करत होतो.

"मग मदत का नाही घेतलीस?" असं तुम्ही विचाराल. कारण सांगतो.

मी दुधाचा टँकर चालवतो. मे महिन्यात टँकरच्या शिडीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. दवाखान्यातून घरी येताना गाडी सिग्नी चालवत होती. रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "बाबा, मी मोंटानाला जात नाही. इथेच राहते. इथल्या कॉलेजात जाईन." दहा वर्षांची असल्यापासून या पोरीला जंगलखात्यात जायचंय. दूर मोंटानाच्या कॉलेजात तिची जागा पक्की झाली होती. मी म्हणालो, "नको." या बुधवारी तिने गावातल्या कॉलेजचा अर्ज आणून फ्रिजवर लावला. सोमवारपर्यंत भरायचा होता. "भरू का, बाबा?" मी पुन्हा म्हणालो, "नको."

आमच्या लोकांत पहिलं नको आणि दुसरं नको कोणी धरत नाही. कॉफी विचारा, मदत विचारा, पावाचा तुकडा विचारा, माणूस दोनदा नको म्हणणारच. तिसऱ्यांदा विचारल्यावर जे तोंडातून येईल ते खरं. सिग्नी तिसऱ्यांदा विचारणार होती आणि ते मला दिसत होतं. म्हणून मी ठरवलं की ही पार्टी एकट्याने, एका हाताने पार पाडायची. बाप मोडका नाही हे तिने डोळ्यांनी बघितलं की अर्ज आपोआप फ्रिजवरून उतरेल.

माझ्या थोरल्या बहिणीने, लवर्नताईने, मला दोनदा विचारलं होतं. एकदा फोनवर, एकदा चर्चच्या दारात. मी दोनदा नको म्हणालो आणि तिसऱ्याच्या आत सटकलो. शेजारच्या डुवेनने कुंपणावरून दोनदा विचारलं. त्याच्याकडे मी आठवडाभर पाठ करून गवत कापलं. आणि सिग्नीला मी सकाळीच तिच्या मैत्रिणीकडे हाकललं होतं. तिच्याही घरी आज हीच पार्टी होती.

नऊ वाजता चाळीस कपांचं कॉफीचं भांडं गॅरेजमध्ये लावलं आणि आत येऊन उरलेल्या लाद्यांशी झुंजत बसलो. कांदे परतले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि पुसायला हात एकच. सव्वादहाला मांस बघायला गॅरेजमध्ये गेलो, तर रोस्टरचे दिवे बंद. कॉफीचाही दिवा बंद. गॅरेजच्या विजेचा खटका पडला होता. दोन रोस्टर चालू असताना त्याच लाइनवर कॉफीचं भांडं लावणारा महामूर्ख कोण? घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे नाव कोणावर ढकलताही येईना. खटका वर केला. पुन्हा पडला. कॉफी काढली, पुन्हा वर केला. पुन्हा पडला. झाकण उघडून काटा टोचला. मांस गरम होतं, पण काटा आत जाईना, बुटाचा तळ जसा. अजून दोन तास तरी शिजायला हवं होतं पण गॅरेजात वीज नव्हती आणि घरातल्या एका ओव्हनमध्ये चाळीस पौंड मावणार नव्हतं.

मी उलट्या बादलीवर बसलो आणि प्लास्टर कपाळाला लावलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी हात टेकले. सिग्नी बारा वाजता येणार, अर्धकच्चं मांस बघणार आणि सरळ फ्रिजवरचा अर्ज भरणार.

"मी सहज इकडून जात होते," दारातून आवाज आला.

लवर्नताई. आमचं घर रस्त्याच्या शेवटाला आहे. तिथून पुढे फक्त मक्याचं शेत. सहज जायला तिथे वाटच नाही.

"सहज?" मी म्हणालो.

"हो, सहज." तिने कोटाची बटणं काढली. आत एप्रन. पर्समधून टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची सुरी निघाली. तिने रोस्टरचं झाकण उचललं, मांसाला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. आई माझं प्रगतिपुस्तक जसं बघायची तसंच. "अर्लन, तुला मदत हवीय का?"

तिसऱ्यांदा.

माझ्या तोंडात नको तयार होतं. चाळीस मैलांच्या परिसरात माझ्याइतका नको म्हणण्यात तरबेज माणूस नाही. पण घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"हो," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"हो म्हणालो! आता काय चर्चमधून जाहीर करू?"

"डुवेन!" ताईने कुंपणाकडे तोंड करून हाक मारली. "हो म्हणाला!"

डुवेन कुंपणामागून असा उगवला की जणू सकाळपासून तिथेच उभा होता. हातात दोन ट्रे. "आमचा ओव्हन तापवून ठेवलाय रे," तो म्हणाला. "बायकोने नऊलाच लावला."

"नऊला? अरे, तुला काय माहीत की..."

"तू कॉफीचं भांडं गॅरेजात नेताना दिसलास ना."

"मग तेव्हाच सांगायचंस!"

"दोनदा नको म्हणाला होतास," डुवेन शांतपणे म्हणाला. "तिसऱ्यांदा विचारायला तू पाठ करून उभा."

ताईने मांसाचे मुठीएवढे तुकडे केले. एक ट्रे डुवेनच्या ओव्हनला, एक माझ्या, एक ताईच्या घरी धाडला. मग तिने माझ्या कापलेल्या लाद्या बघितल्या. "हे सुरीने कापलंयस की कुऱ्हाडीने?" रस्सा चाखला. "मीठ कुठेय याच्यात? मार्लिसने तुला एवढंही शिकवलं नाही?" मग तिने मला कोपऱ्यात बसवून हॉर्सरॅडिशच्या तिखट मुळ्याची चटणी ढवळायला दिली. ते काम लहान पोरांना देतात. बारापर्यंत माझ्या गॅरेजात सात माणसं होती आणि सातही जणांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला इतका वैताग आला होता की रडू येईल असं वाटलं. आणि साडेबाराला मांस काट्याने तुटायला लागलं.

सिग्नी बाराला आली तेव्हा ती दारात थांबली. आत्या, डुवेन, डुवेनची बायको, चर्चचा पास्टर आणि चटणी ढवळणारा बाप, असं सगळं तिने एकदा बघून घेतलं. सकाळपासून जे लपवत होतो ते सगळं उघडं पडलं होतं. तिने बाह्या वर सारल्या. केस बांधले आणि लाद्यांवर लोणी लावायला बसली.

एकला डोकावणारे आले. एकशे साठ डोकावले! प्रत्येक जण म्हणाला, "नको नको, आत्ताच तिकडे खाऊन आलोय," आणि प्रत्येकाने तीन तीन स्लायडर रश्श्यात बुडवून खाल्ले. एक बाई तर रश्श्याची वाटीच घेऊन गेली.

पाच वाजता गॅरेज रिकामं झालं. ट्रेमध्ये एकच स्लायडर उरला होता. आमच्यात शेवटचा कोणी घेत नाही. डुवेनने जाताना अर्धा कापून घेतला. पास्टरने उरलेल्याचा अर्धा. ताईने त्याचाही अर्धा घेतला आणि भांडी घासायला आत गेली. ट्रेच्या मधोमध घासभर तुकडा राहिला.

सिग्नी माझ्याशेजारी उलट्या बादलीवर बसली.

"आत्याला हो म्हणालास."

"तिने तिसऱ्यांदा विचारलं."

"आईला सुद्धा कधी म्हणाला नव्हतास." तिने माझ्या प्लास्टरवरचा कांद्याचा तुकडा काढून टाकला. "मला वाटायचं, मी गेले की तू एकटाच सगळं ओढत राहशील आणि कोणाला दारातही येऊ देणार नाहीस. हात मोडला याची नव्हती रे काळजी. याची होती."

एका हाताने सोळा लाद्या कापल्या होत्या मी, तेही उगाच.

"बाबा," ती म्हणाली, "मी राहू का इथे?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. नळही बंद झाला. ताई ऐकत होती.

मला हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून. ऑगस्टनंतर त्या स्वयंपाकघरात एकच ताट असणार, सकाळी शेजारच्या खोलीतला गजर वाजणार नाही, आणि माझ्यावर चिडायलाही कोणी नसणार. तिसऱ्यांदा विचारलं होतं तिने. हो म्हणालो असतो तर ती राहिली असती आणि कोणी मला नावंही ठेवली नसती.

"नको," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघत राहिलो, कारण तिसऱ्या वेळी नजर चुकवायची नसते.

मग तिने ट्रेमधला तो शेवटचा तुकडा उचलला, गार झालेल्या रश्श्यात बुडवला आणि अर्धा न करता, कोणाला न विचारता, खाऊन टाकला.