दोघींची कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, खेळाची. हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्राच्या पाठीत मला खुपसलं की पडदा उजळायचा आणि माझ्यातला ढब्बू टुणकन उभा राहायचा. मित्रांनो, तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही, कोणीच ऐकलेलं नाही.

माझा जन्म एका अरुंद कचेरीत झाला. तिथे दोनच टेबलं होती. एकावर उड्यांचा माणूस बसायचा, दुसऱ्यावर कोड्यांची बाई. तो म्हणायचा, मुलांना उड्या मारायला आवडतात, डोकं खाजवायला नाही. ती म्हणायची, नुसत्या उड्या तर माकडंही मारतात. दिवसभर तावातावाने भांडायचे आणि दुपारी एकाच डब्यातलं जेवायचे. शेवटी दोघांनी मिळून मला घडवलं. ढब्बू हा एक हमाल. त्याने मनोऱ्यात एकेक खोली पार करत वर चढायचं. पेट्या ढकलून पायऱ्या रचायच्या आणि नेमकी उडी मारून दार गाठायचं. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही, हा माझा कायदा. कोपऱ्यात गेलेली पेटी तिथेच बसते. पाहिजे तेव्हा एक बटण दाबून खेळ माझ्या पोटात ठेवता येतो. चुकलं तर न ठेवताच यंत्र बंद करायचं, की मागच्या ठेवलेल्या जागेपासून पुन्हा सुरू. पण ठेवायला जागा एकच. एका यंत्रामागे एकच मूल असतं, असं त्या दोघांना वाटलं असावं.

माझ्या नशिबाचं मातेरं केलं ते खोक्यावरच्या चित्राने. चित्रकाराने मला खेळून पाहिलंच नव्हतं. मनोरा आहे, धाडसी गडी आहे, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने बिनधास्त ढब्बूच्या हातात तळपती तलवार देऊन टाकली. माझ्यात तलवार औषधालाही नाही! दुकानदाराने चित्र बघून मला मारामारीच्या खेळांमध्ये मांडलं. मुलं हौसेने घरी न्यायची आणि तोंड पाडून परत आणायची. एक जण तर दुकानदाराला म्हणाला, "काका, हा पेट्याच ढकलत बसतो! मारत कोणालाच नाही." ज्यांना कोडी आवडायची ती मुलं तलवार बघून माझ्याकडे फिरकतच नसत. असं माझं ना इकडे जमलं, ना तिकडे. मग मी दाराजवळच्या टोपलीत गेले. तिथे धूळ खात पडल्यावर कळतं, की हसं झालेलं परवडतं, पण कुणी वळूनही न बघणं फार जिव्हारी लागतं.

त्या टोपलीतून मला उचललं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाबांनी. त्यांच्या घरी यंत्र एक आणि मुली दोन, त्यामुळे रोज घरात रणधुमाळी. मोठीला सगळे ताई म्हणत आणि लहानीला धाकटी. बाबांनी दोघींच्या मध्ये मला ठेवलं आणि म्हणाले, "हा दोघींचा. भांडलात तर लिफ्टच्या खड्ड्यात टाकून येईन."

पहिल्याच आठवड्यात दोघींच्या एक गोष्ट ध्यानात आली. ताईचे अंगठे चपळ, उडी कधी चुकायची नाही. पण पेट्या बघितल्या की तिचं डोकं बधिर व्हायचं. धाकटी खोली बघता बघता पेट्यांचा बेत रचायची, पण उडी मारताना घाबरून डोळेच मिटायची. मग दोघींनी वाटणी केली. खिडकीखालच्या खाटेवर गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. पेट्या धाकटीच्या, उड्या ताईच्या. पेट्या रचून झाल्या की उडी मारण्याआधी ताई म्हणायची, "ठेव!" आणि धाकटीने बटण दाबायचं. ते बटण तिचंच, ताईने त्याला कधी बोट लावलं नाही. मी या हातातून त्या हातात जायचे आणि मला माझी ती दोन टेबलं आठवायची. मित्रांनो, मी ज्यासाठी जन्मले ते मला त्या खाटेवर मिळालं. मी सुखी होते, हे मी लपवून ठेवणार नाही.

ताईला नर्सिंगच्या शिक्षणासाठी दूरच्या वसतिगृहात जावं लागलं. निघताना तिने धाकटीचा कान धरला. "माझ्याशिवाय पुढे जायचं नाही हं. सुट्टीत आले की मिळून खेळू."

"नाही गं जाणार. शप्पथ."

त्या वेळी मनोऱ्याच्या अगदी थोड्याच खोल्या उरल्या होत्या.

धाकटीने शब्द पाळला. पण खाट एकदम मोठी झाली होती आणि घरात तिच्या बरोबरीचं बोलायला कोणी नव्हतं. एका दुपारी तिला ताईची फार आठवण आली, म्हणून तिने मला सुरू केलं. खेळायला नव्हे, नुसतं बघायला. ढब्बू उभा होता, शेजारी पेटी होती. तिने ती जराशी ढकलली. मग आणखी जराशी. पेटी थेट कोपऱ्यात जाऊन बसली. तरीही काही बिघडलं नव्हतं, यंत्र बंद केलं असतं तर सगळं होतं तसं झालं असतं. पण पेटी ढकलून झाली की आता ताई म्हणणार, "ठेव!", ही तिच्या बोटांची सवय. ताई तिथे नव्हती. बोटाने मात्र बटण दाबलं.

आता पेटी कोपऱ्यातून निघणार नव्हती आणि पेटीवाचून दार गाठता येणार नव्हतं. एकच वाट उरली होती. सगळं पुसून पहिल्या खोलीपासून सुरू करायचं, म्हणजे ताईच्या सगळ्या उड्या पुसायच्या. धाकटीला ते करवेना. तिने मला यंत्रासकट कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या उशांच्या अभ्र्यांखाली दडपलं.

ताई सुट्टीत आली ती दारातूनच विचारत, "कुठाय आपला ढब्बू?"

"मला नाही आता आवडत तो," धाकटी म्हणाली. "पोरकट आहे."

ताईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "संपवलास ना माझ्याशिवाय? खरं सांग."

धाकटी मूग गिळून बसली. ताईने त्या गप्प राहण्याचा व्हायचा तोच अर्थ घेतला. मी खणातून सगळं ऐकत होते आणि मला खरं काय ते माहीत होतं. पुढच्या सुट्टीत ताईने ढब्बूचं नाव काढलं नाही. त्याच्या पुढच्या सुट्टीत ती मैत्रिणीकडे गेली. मग नोकऱ्या, लग्नं, वेगवेगळी गावं. फोनवर दोघी आईच्या तब्येतीचं बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. एवढ्याशा पेटीपायी असं होईल, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं.

अंधाराची सवय होते, असं म्हणतात. मला झाली नाही. माझ्या पोटात एक चपटा सेल आहे. त्याच्या जोरावर मी ठेवलेला खेळ जपते. वर्षानुवर्षं मी ती चूक जपून ठेवली, आणि एके दिवशी तो सेल विझला. खोल्या गेल्या, उड्या गेल्या, कोपऱ्यातली ती पेटीही गेली.

बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा तळमजल्यावरचं लहान घर घ्यायचं ठरलं. आवराआवर करायला दोघी आल्या. ताई आता इस्पितळात मोठी सिस्टर होती. धाकटी छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे लोकांच्या चुका शोधायचा पगार घ्यायची. ताईनेच तो खण उघडला.

"अगंबाई, हा अजून आहे?" तिने यंत्राचे सेल बदलले आणि पदराने मला पुसलं. "आता तरी दाखव शेवटची खोली. एकटीनेच बघितलीस ना."

पडदा उजळला. ढब्बू पहिल्या खोलीत उभा होता. ठेवलेलं काहीच नव्हतं.

ताईचा चेहरा उतरला. "पुसूनही टाकलंस? आपलं सगळं?"

मित्रांनो, धाकटीच्या चुकीचा आता कसलाच पुरावा उरला नव्हता. सेल संपला असेल, एवढं म्हणून तिला सुटता आलं असतं. ती खाली फरशीवर बसली.

"ताई, मी शेवटची खोली बघितलीच नाही. तू गेल्यावर मी पेटी कोपऱ्यात घातली. आणि ठेव दाबलं. तुला सांगायची भीती वाटली."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि एवढ्यासाठी तू माझ्याशी धड बोलत नव्हतीस?"

"तूच यायची बंद झालीस."

"मला वाटलं, तुला माझी गरज उरली नाही." ताईही फरशीवर टेकली. "वेडी कुठली. पेटी चुकली तर चुकली. पहिल्यापासून खेळलो असतो की गं!"

दोघी रडल्या. मग भरलेल्या खोक्यांच्या मध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. ताईचे अंगठे आता जड झाले होते, ढब्बू धपाधप पडत होता आणि आई बाहेरून ओरडत होती, "अगं, भांडी कोण बांधणार?" जेमतेम काही खोल्या झाल्या आणि टेम्पो आला. माझा सेल मेलेला, त्यामुळे यंत्र बंद करताच त्याही खोल्या गेल्या.

"तू घेऊन जा," धाकटी म्हणाली. ताईने क्षणभर विचार केला, मला यंत्रातून उपसलं आणि पर्समध्ये टाकलं. "यंत्र तुझ्याकडे, कॅसेट माझ्याकडे. बघतेच आता कोण एकटं खेळतं ते."

घड्याळवाल्याकडून तिने मला नवा सेल बसवून घेतला. तेव्हापासून मी तिच्या पर्समध्ये आहे, थर्मामीटर आणि गोळ्यांच्या पट्ट्यांच्या गर्दीत. यंत्राशिवाय मी म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. ताईच्या इस्पितळातल्या पाळ्या आणि धाकटीच्या सुट्ट्या काही जुळत नाहीत, म्हणून अजून खेळ झालेला नाही. मी आजही एकटीच आहे. पण आता दोघी जणी रोज फोनवर बोलतात, आणि त्यात माझा विषय निघतो.

मित्रांनो, जुने खेळ टाकून देऊ नका, पुसूनबिसून नीट ठेवा, एवढं मी मागणारच. आणखीही एक मागते. दोघांच्या खेळात तुमच्या हातून काही बिघडलं, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. मी इतकी वर्षं त्या खणात सगळं माहीत असून पडून होते. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.