डफर, डंबो, डोडो आणि मी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. वहीच्या अर्ध्या पानाएवढी, काळ्या रंगाची, वरच्या बाजूला दोन भोकं आणि त्यांतून ओवलेली लाल फीत. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे आणि मला नुसता धीर निघत नाहीये. माझ्या नशिबात जे आलं ते हिंगोली जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या पाटीच्या वाट्याला आलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

माझा जन्म आखाडा बाळापूरचा. तिथल्या रामकिशन सुताराच्या दुकानात एका सागवानी दाराचं काम चाललं होतं. माझ्या सख्ख्या बहिणी दाराला लागल्या, मी तेवढी उरले आणि भुशात जाऊन पडले. आता चुलीत जायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात दिपक सर आले. सर राहायला बाळापूरला आणि शिकवायला सेनगावच्या एका इंग्रजी शाळेत. माणूस तरुण, हौशी, हातात सदा मोबाइल. "गळ्यात घालता येईल अशी छोटी पाटी करून द्या," ते म्हणाले. रामकिशननं मला भुशातून उचललं, रंधा मारला, पॉलिश पेपरनं घासलं आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले. चुलीत जाणारी मी, एसटीत बसून शाळेत निघाले!

शाळेत सरांनी कपाटातून लाल फीत काढली. क्रीडा स्पर्धेच्या पदकांना लावून ती उरली होती. ती माझ्या भोकांतून ओवली गेली आणि मी हरखून गेले. पदकाची फीत लागली म्हणजे मी पदकच की. दुसरं काय असणार?

आणि मला नावं किती मिळाली म्हणून सांगू! माणसाचं बारसं एकदा होतं, माझं दर सोमवारी व्हायचं. सर मोबाइलमध्ये बघून माझ्यावर खडूनं एक नवा इंग्रजी शब्द लिहायचे. आधी मी डफर होते. मग डंबो झाले. मग डोडो, निटविट, बर्डब्रेन, ब्लॉकहेड. मला यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कानाला काय झोकदार लागायचं. डोडो तर मला इतकं आवडलं होतं की पुढच्या सोमवारी सरांनी ते पुसलं तेव्हा मी दिवसभर खट्टू होते.

नियम सोपा होता. वर्गात ज्याच्या तोंडून मराठी शब्द निघेल, मी त्याच्या गळ्यात. पुढचा कुणी मराठी बोलेपर्यंत माझा मुक्काम तिथंच. सरांना वाटायचं, हसतखेळत पोरांची इंग्रजी सुधारेल आणि जाता जाता चार नवे शब्दही कळतील. मला वाटायचं, मान सगळ्यांना वाटला जातोय. एकच गोष्ट मला उमगत नव्हती. एवढं पदक गळ्यात पडल्यावर पोरं मान खाली का घालतात? मी आपली समजूत करून घेतली, लेकरं लाजाळू आहेत.

हळूहळू वर्ग गप्प होत गेला. पोरं खुणांनी बोलू लागली. शाळा बघायला आलेले पाहुणे म्हणायचे, काय शिस्त आहे! मीही छाती काढून बसायचे.

या गप्प वर्गातली सगळ्यांत गप्प पोरगी म्हणजे प्रियदर्शनी. ती साखरा गावाहून लालसिंगच्या जीपनं यायची. जीपमध्ये तिची टकळी अशी चालायची की लालसिंग म्हणे, ही पोरगी बसली की मला हॉर्न लागत नाही. पण शाळेचं फाटक ओलांडलं की तिच्या तोंडाला कुलूप. मराठी बोललं तर मी गळ्यात पडणार आणि इंग्रजी तर अजून जिभेवर बसलेली नाही. तहान लागली तरी ती अंगठा तोंडाशी नेऊन दाखवायची.

मला पुढे कळलं, घरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे आजोबा ग्यानबा यांनी सगळ्यांशी वाद घालून तिला या शाळेत घातलं होतं. संध्याकाळी ते फाट्यावर जीपची वाट बघत उभे असायचे आणि ती उतरली की पहिला प्रश्न, "आज इंग्रजीत काय बोलली?" ती धड्यातलं एखादं वाक्य म्हणून दाखवायची. आजोबा ते वाक्य जमेल तसं घोकत घरी जायचे आणि वाटेत भेटेल त्याला ऐकवायचे. आपली नात शाळेत मुकी असते, हे आजोबांना कळलं तर काय होईल, या भीतीनं ती पोर आतल्या आत झुरत होती.

आणि मग तो दिवस उजाडला! शाळेमागच्या शेतात सोयाबीन कापून ढीग लावला होता. तिकडूनच आला असणार, एक काळा विंचू वर्गात शिरला आणि सोमेश्वर नावाच्या पोराच्या बाकाखाली पोचला. मी त्या वेळी सोमेश्वरच्याच गळ्यात होते. नांगी वर, आणि त्याच्या पायापासून वीतभर अंतर. त्याचं लक्ष फळ्याकडे. माझं तर लाकूड गार पडलं.

"सोम्या, पाय उचल! विंचू!"

अख्खा वर्ग दचकला. आवाज प्रियदर्शनीचा होता. सोमेश्वर उडी मारून बाकावर चढला, सरांनी चपलेनं विंचू मारला आणि सगळ्यांनी श्वास सोडला. पण सवय वाईट. पोरांतून गलका उठला, "सर, मराठी! मराठी!" सर हसले. रूल इज रूल, ते म्हणाले. सोमेश्वरच्या गळ्यातून मी निघाले आणि प्रियदर्शनीच्या गळ्यात पडले. त्या आठवड्यात माझं नाव होतं निनकम्पूप.

शाळा सुटताना सर मीटिंगला गेलेले, कपाटाला कुलूप आणि बाहेर लालसिंगचा हॉर्न. तिनं मला घाईघाईत दप्तरात कोंबलं. फीत मात्र बाहेर लोंबत राहिली.

फाट्यावर आजोबांनी दप्तर हातात घेतलं आणि फीत ओढली. "हे काय व्हय, प्रिया? बक्षीस मिळालं काय?"

तिच्या तोंडून हो निघेना आणि नाहीही निघेना. आजोबांनी मला उजेडात धरलं. खडू जरा पुसला होता, तरी अक्षरं दिसत होती.

"केवढं लांब लिव्हलंय. लहानसहान बक्षीस न्हाई हे," ते म्हणाले आणि मला दोन्ही हातांत धरून घराकडे जवळजवळ पळतच सुटले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी संध्याकाळ! आजी द्वारकाबाईंनी मला पाटावर ठेवलं, ओल्या बोटानं माझ्या कोपऱ्यावर हळदीकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी बसवलं. गल्लीत साखर वाटली गेली. शेजारपाजारचे येऊन मला हात लावून बघत होते. प्रियदर्शनी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, आनंदाचं असेल.

"ज्या सरानं हे दिलं त्यायचा सत्कार करायले पायजे," आजोबांनी जाहीर केलं. आपल्याकडे माणूस खूश झाला की शाल आणि श्रीफळ आलंच.

सकाळी आजोबांनी फेटा बांधला, आजी ठेवणीतलं लुगडं नेसली आणि आम्ही जीपमधून निघालो. लालसिंगनंही बोनेटला झेंडूची माळ घातली होती. मी आजोबांच्या मांडीवर. त्या दिवशी जीपमध्ये एकच माणूस बोलत नव्हतं, ते म्हणजे प्रियदर्शनी.

शाळेत प्रार्थना संपत होती. पोरं रांगेत उभी होती. आजोबा थेट दिपक सरांपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मला सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"सर, तुमी आमच्या लेकराचा मान केला. आता आमी तुमचा करून राहिलो. पर आंधी हे वाचून दाखवा. घरी कुनाला वाचता येईना."

मी अंग ताठ केलं. आता माझ्या नावाचा अर्थ सगळ्या मैदानाला कळणार! पण सरांनी माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यावरच्या हळदीकुंकवाकडे पाहिलं, द्वारकाबाईंच्या हातातल्या शाल-श्रीफळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

रांगेतून प्रियदर्शनी पुढे आली. तिचा आवाज खणखणीत निघाला, जीपमधला.

"आजोबा, हे बक्षीस न्हाई. याचा अर्थ येडपट. कोनी मराठी बोललं का त्याच्या गळ्यात घालतेत."

"येडपट?" आजोबांचा हात खाली आला. "काहून? तू काय बोलली व्हती?"

"विंचू म्हनले."

"माझ्या पायापाशी होता, आजोबा," सोमेश्वर रांगेतूनच बोलला. "ती गप राहिली असती तर मला डसला असता."

येडपट! मित्रांनो, माझ्या अंगातून वीज गेली. मग डफर म्हणजे काय, डंबो म्हणजे काय? सगळा उलगडा मला तिथंच, त्या पोरांच्या चेहऱ्यांवर झाला. पुढे पोरांच्या बोलण्यातून कळलं, बर्डब्रेन म्हणजे चिमणीएवढा मेंदू. ब्लॉकहेड म्हणजे डोक्याच्या जागी लाकडाचा ठोकळा. आता लाकडात वाईट काय असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण मी पदक नव्हते, एवढं कळलं.

आजोबा थोडा वेळ मला हातात फिरवत राहिले. मग त्यांनी सरांना विचारलं, "जो मराठी बोलन त्याच्या गळ्यात. हेच व्हय ना?"

सरांनी मान हलवली.

"मंग हे माझं हाय. मी तं जलमभर मराठीच बोलून राहिलो." आणि फेट्यावरून फीत घालून त्यांनी मला स्वतःच्या गळ्यात घेतलं! पांढऱ्या सदऱ्यावर मी, निनकम्पूप. पोरं हसली नाहीत. कुणालाच हसू आलं नाही.

"आजोबा, काढा ते," सर म्हणाले. "चूक माझी आहे. काढा, हात जोडतो."

आणि पहिलीच्या रांगेतलं एक बारकं पोरगं मोठ्यानं म्हणालं, "सर मराठी बोलले."

आता मात्र सगळं मैदान खदखदून हसलं! सरही हसले, डोळे पुसत हसले, आणि आजोबांपुढे येऊन त्यांनी मान वाकवली. नियम म्हणजे नियम. आजोबांनी मला गळ्यातून काढलं. सगळे बघत होते. पण त्यांनी मला सरांच्या गळ्यात घातलंच नाही.

"लोढणं जनावराच्या गळ्यात घालतेत, सर. मोकाट पळू नये म्हनून. मानसाला काहून घालावं?" एवढं बोलून त्यांनी शाल-श्रीफळ सरांच्या हातात दिलं. "मान कुनाचा करायचा ते आता तुमीच बघा."

दिपक सरांनी ती शाल उघडली आणि प्रियदर्शनीच्या खांद्यांवर पांघरली. श्रीफळ तिच्या हातात दिलं. टाळ्या अशा वाजल्या की मी आजोबांच्या हातात असूनही थरथरत होते. मग सरांनी मला घेतलं, बाहीनं निनकम्पूप पुसलं आणि खडू तिच्यापुढे धरला. तिनं माझ्यावर लिहिलं, विंचू.

"आणि इंग्रजीत?" सरांनी हळूच विचारलं.

"स्कॉर्पियन, सर." शाळेत तिनं न घाबरता उच्चारलेला तो पहिला इंग्रजी शब्द होता. आजोबा लगेच तो घोकायला लागले.

आता मी वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला असते. रोज एक पोर घरचा एक शब्द माझ्यावर लिहितं आणि शेजारी त्याचा इंग्रजी शब्द. पेरणीची पाभर, खुरपं, अंबाडी, काहीही. वर्गात इतका गोंगाट असतो की शेजारचे सर तक्रार करतात. मला त्या गोंगाटात फार मजा येते.

खडू रोज पुसला जातो. पण माझ्या एका कोपऱ्याला फडकं लागत नाही. द्वारकाबाईंचं हळदीकुंकू तिथं अजून आहे, आणि पुसणारं प्रत्येक पोर तेवढी जागा सोडून पुसतं. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या गळ्यात एखादा शब्द अडकवावासा वाटला, मग तो गमतीचा असो की इंग्रजी, तर आधी बघा, त्या शब्दाला हळदीकुंकू लावून देवापुढे ठेवता येईल का. येत असेल तर खुशाल घाला.