चार ओल्या, एक कोरडी

मित्रांनो, माझ्या झाकणाला पोचा पडलाय, अंगावरचा लाल रंग निम्म्याहून अधिक उडालाय आणि माझ्या पोटात परवापर्यंत दोन पेनं, एक पेन्सिल आणि पाच चिठ्ठ्या होत्या. एवढं असूनही मी चहाचाच डबा आहे. कोणी मला पेनांचा डबा म्हटलं की मला राग येतो.

मेलबर्नच्या एका कारखान्यात माझा पत्रा ठोकला गेला. मॉरीन नावाच्या बाईने मला दुकानातून उचललं, ते आतल्या चहासाठी नव्हे, माझ्या लाल रंगासाठी. तिचा नवरा नेव्हिल, सगळ्यांचा नेव्ह, मेंढ्यांची लोकर कातरायचा. वर्षातले आठ-नऊ महिने कातरणीच्या या शेडवरून त्या शेडवर. निघताना मॉरीन माझ्यात काठोकाठ चहा भरून द्यायची आणि म्हणायची, "दुसऱ्यांचा पांचट चहा पिऊन माझ्यापुढे तोंड वाकडं करून येऊ नकोस."

पण मला मान मिळाला तो चहामुळे नाही, मतदानामुळे. पाऊस पडला की मेंढ्या भिजतात. ओल्या मेंढीला मांड्यांत धरून दिवसभर कातरलं की माणसाची हाडं धरतात, ताप भरतो. पण कातरणाऱ्याला मेंढीमागे पैसे मिळतात, बसून राहिलं तर काहीच नाही. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की प्रत्येकाने आधी दोन मेंढ्या कातरून बघायच्या आणि मग गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं, 'ओली' किंवा 'कोरडी'. 'ओली'च्या चिठ्ठ्या जास्त निघाल्या तर कातरायची यंत्रं बंद. मालकाला त्यात तोंड घालता येत नाही.

चिठ्ठ्या टोपीत गोळा करायच्या. एकदा अशी सर आली की सगळ्यांच्या टोप्या निथळत होत्या. तेव्हा नेव्हने माझ्यातला चहा वर्तमानपत्रावर ओतला आणि मला पुढे केलं. त्या दिवसापासून मी मतदानाचा डबा झालो. नेव्ह कातरणाऱ्यांचा निवडलेला पुढारी, चिठ्ठ्या मोजून निकाल वाचायचा तो त्यानेच. नव्या माणसाला तो एकच गोष्ट शिकवायचा.

"आपल्या खिशाकडे बघून मत द्यायचं नाही. शेडमधली सगळ्यात म्हातारी पाठ कोणाची ते बघायचं आणि तिच्यासाठी लिहायचं."

मग मॉरीन गेली. नेव्हने माझ्यात पुन्हा चहा भरला नाही. स्वयंपाकी देईल तो पांचट चहा तो मुकाट्याने प्यायचा, आणि तोंडही वाकडं करायचा नाही. ज्याच्यापुढे करायचं ते माणूसच नव्हतं. मी फक्त पावसानंतर कामाला यायचो. उरलेले दिवस त्याच्या पलंगाखाली रिकामा पडून असायचो.

तीन वर्षं अशी गेली. नेव्ह अठ्ठावन्नचा झाला. पाठीला आधार म्हणून छताला टांगलेल्या पट्ट्यात छाती टाकल्याशिवाय त्याला वाकता येईना. हॅमिल्टन गावाच्या पुढे एका मोठ्या शेडवर आम्ही होतो, तेव्हा गुरुवारी सकाळी मेंढ्या ओल्या ठरल्या आणि दिवस मोकळा गेला. नेव्ह व्हरांड्यात बसलेला असताना त्याची मुलगी लिनेट हिचा जिलाँग शहरातून फोन आला. नेव्हला बटणं नीट दिसत नसत. फोन मोठ्या आवाजावर गेला आणि सगळ्या जगाने ऐकला.

"बाबा, सकाळी मोजे कोण घालतं तुला?"

"मीच. थोडा वेळ लागतो."

"किती?"

"बातम्या संपतात तोवर."

"हे बघ, माझ्या मैत्रिणीकडे पार्सल पोचवायला ड्रायव्हर हवेत. व्हॅन त्यांची. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही सांग. ती जास्त थांबणार नाही."

फोन ठेवतो न ठेवतो तोच राविरी पुढे आला. न्यूझीलंडचा माओरी गडी, पंधरा वर्षं नेव्हच्या शेजारच्या जागेवर उभा राहिलेला. "अहो पार्सलवाले! आमच्या आईचे बूट अजून आले नाहीत. कुठे फेकलेत?"

"कुत्री चावतात हं त्यांना," ब्रॉनविन म्हणाली. ती सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वेगाने कातरणारी.

"मेंढ्यांनी काय कमी लाथा घातल्यात?" नेव्ह म्हणाला. बराच वेळ त्याने मला हातात फिरवलं. "तुम्हीच ठरवा. डबा आहेच. ओली म्हणजे मी यंत्र खाली ठेवायचं, कोरडी म्हणजे चालू."

सगळे हसले. राविरी, ब्रॉनविन, वॉली, टेरी. नेव्हही हसला, पण मला त्याने खाली ठेवलं नाही. थट्टा नव्हती ती. एकतीस वर्षं मेंढ्या कातरल्यावर त्याला कोणीतरी 'जाऊ नकोस, थांब' म्हणायला हवं होतं, आणि तसं तोंडाने मागायची त्याला लाज वाटत होती. पेन्सिल फिरली. रबराची कुसकुस ऐकू आली. चिठ्ठ्या आत पडल्या, त्यांत त्याचीही होती.

नेव्ह चष्मा लावत नसे. चष्मा म्हाताऱ्यांसाठी असतो, असं त्याचं मत. एकेक चिठ्ठी हात लांब करून त्याने वाचली.

"ओली. ओली. कोरडी. ओली. ओली."

कोरडी त्याची स्वतःची होती.

निकालानंतर वाद घालायचा नाही, हीसुद्धा आमच्याकडची रीतच. राविरी आपल्या पायांकडे बघत राहिला. ब्रॉनविन उठून आत गेली. "लागला निकाल," नेव्ह म्हणाला आणि चिठ्ठ्या माझ्यात टाकून त्याने झाकण इतक्या जोरात दाबलं की तो पोचा तेव्हाचाच. शुक्रवारी दुपारी त्याने लिनेटला हो म्हणून सांगितलं. त्या शेडचं काम संपल्यावर राविरीने त्याला मिठी मारली, "भावा, जपून राहा" म्हणाला. नेव्हने लवकरच अंग सोडवून घेतलं. एकतीस वर्षं आणि एकानेही थांब म्हटलं नाही, हे त्याच्या मनात रुतून बसलं होतं. मला खरं ठाऊक होतं. चिठ्ठ्या माझ्या पोटात होत्या. पण डब्याला वाचा कुठली?

जिलाँगला मी व्हॅनमध्ये काचेखाली बसलो. पेनं माझ्यात आली. दिवसाला दीडशे दारं. शेडमध्ये पाच यंत्रांचा घरघराट, कुत्र्यांचं भुंकणं, राविरीची बेसूर गाणी. इथे नेव्ह घंटा वाजवायचा, कोणी यायचं नाही, तो खोकं पायरीवर ठेवून फोटो काढायचा आणि निघायचा. कधीकधी संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघालेला नसे. पाठ मात्र सुधारली. मोजे आता जाहिराती संपण्याआत चढायचे. पण ते सांगायला घरी कोणी नव्हतं. तो एकटा पडला होता, मित्रांनो, आणि मला त्याची फार दया यायची. शेडवर परतावं असं त्याला रोज वाटायचं, आणि जिथे आपण नकोसे झालो तिथे कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून तो रोज नुसती व्हॅन चालू करायचा.

पाचव्या महिन्यात त्याने सतरा नंबरचं पार्सल एकाहत्तर नंबरला ठेवलं. लिनेटने त्याला हाताला धरून चष्म्याच्या दुकानात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. एका दारापुढे पायरी चिंब होती आणि हातातलं खोकं पुठ्ठ्याचं. ठेवून निघायचं की थांबायचं? नेव्ह थांबला. घंटा वाजवून उभा राहिला. बऱ्याच वेळाने वॉकर सरकवत एक वाकलेली म्हातारी आली. "थांबलात होय! मला वेळ लागतो हो," ती म्हणाली. "लागू दे की," नेव्ह म्हणाला. तिला सही करायची होती. पेनासाठी तो व्हॅनकडे परत आला आणि त्याने माझ्यात हात घातला, तर पेनाबरोबर चिठ्ठ्या वर आल्या.

म्हातारी आत गेल्यावर तो व्हॅनमध्ये बसला. नाकावर नवा चष्मा होता. राविरीच्या अक्षरातली चिठ्ठी त्याने काचेसमोर, उजेडात धरली. 'ओली'च्या खाली पेन्सिलीचा दाबलेला ठसा होता. खोडलेलं 'कोरडी'. दुसऱ्या चिठ्ठीवर तेच. तिसरीवर तर रबराने कागद फाटत आला होता. फक्त चौथी स्वच्छ होती. अक्षर टेरीचं, आणि टेरीची खोली नेव्हच्या घोरण्याला लागून होती.

त्याने फोन लावला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"राविरी, तू आधी कोरडी लिहिलं होतंस."

पलीकडे यंत्र बंद झालं. "तो डबा चुगलखोर आहे."

"खोडलंस का मग?"

"तूच शिकवलंस ना? सगळ्यात म्हातारी पाठ कोणाची ते बघ म्हणून." राविरीने नाक ओढलं. "आता आमच्यात टेरी म्हातारा आहे. 'माझी पाठ बघा' म्हणून जीव नकोसा केलाय त्याने. ठेव फोन, माझी मेंढी पळाली."

नेव्हने चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाचवी चिठ्ठी त्याची स्वतःची. तिच्यावर खाडाखोड नव्हती. सगळ्यांना शिकवलेला नियम त्याने एकट्यानेच मोडला होता. त्याने माझ्यातून पेन्सिल काढली, तिच्या टोकाच्या रबराने 'कोरडी' सावकाश खोडलं आणि वर लिहिलं, 'ओली'. मग पाचही चिठ्ठ्या माझ्यात ठेवून झाकण हलक्या हाताने लावलं.

मित्रांनो, मला घासून-पुसून कपाटात ठेवा असं माझं मागणं नाही. कोणी तुम्हाला 'जा' म्हणालं, तर रागावून झाकण लावण्याआधी त्याची चिठ्ठी एकदा उजेडात धरून बघा, एवढंच. आणि घरात एखादा चहाचा डबा रिकामा पडला असेल, तर त्यात चहा भरा. नेव्हने परवा दुकानातून पुडा आणलाय. अजून फोडलेला नाही, पण पेनं त्याने काढून घेतली आहेत.